आक्काची पुढची शीट

गाडी कठड्याला लागता लागता वाचली, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधी कशीबशी बसली, आणि मग चंद्रशेखर जगदाळेच्या ध्यानात आलं की उतरायचं कुठनं ते बघायचं राहूनच गेलं. उजवीकडं खांब, डावीकडं कुणाची तरी चिमणीएवढी लाल मोटार. दार उघडावं तर चार बोटं उघडत होतं, आणि चंद्रशेखरचं पोट काही चार बोटांचं नव्हतं.

"मी म्हटलं होतं," मागच्या सीटवरून साधना म्हणाली.

साधना म्हणजे त्याची बायको, पुण्याची. ती कधी आवाज चढवायची नाही. हे तीन शब्द ती अशा बेतानं टाकायची की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. तिनं काय म्हटलं होतं, तर सिंगापूरच्या पुंगोलमधल्या तीन माणसांच्या घराला लहान गाडी रग्गड झाली. ऑफिसला जायला एमआरटीची रेल्वे आहे, लेकीच्या शाळेला बस आहे. सात माणसांची ही एवढी उंच गाडी घेऊन तू नेणार कुणाला?

शेवटी मागचं मोठं दार कळ दाबून उघडलं आणि सगळं कुटुंब सीटांवरनं सरपटत पाठीमागनं बाहेर पडलं. आधी दहा वर्षांची श्रिया टुणकन उतरली, मग साधना पदर नसताना पदर सावरल्यासारखं करत उतरली, आणि सगळ्यात शेवटी मालक गुडघे टेकत, पार्श्वभागाच्या दिशेनं, जमीन चाचपत खाली आले. समोरच्या ब्लॉकमधला एक म्हातारा पिशवी हातात धरून हे सगळं बघत उभा राहिला होता. गाडी घेतल्याचा तो पहिला दिवस. दुसऱ्या दिवसापास्नं मायलेकी कारपार्कच्या तोंडालाच उतरायला लागल्या.

हे झालं दोन हजार सातच्या साली. पुंगोल तेव्हा निम्मं बांधलेलं, निम्मं उघडं. एका अंगाला नवे कोरे ब्लॉक, दुसऱ्या अंगाला नुसती लाल माती, गवत आणि क्रेना. दुपारी ऊन असं पडायचं की डांबर पायाला चिकटावं, आणि चारच्या सुमाराला आभाळ फाटल्यागत पाऊस यायचा, घटकाभर झोडपायचा, की परत ऊन. ती लाल माती वाहत रस्त्यावर आली की चंद्रशेखरला गावाकडची याद यायची. गाव त्याचं साताऱ्याकडचं, वडूजच्या वाटेवरचं. माणूस शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, सिंगापूरला येऊन परमनंट झाला, पण माती बघितली की अजून वाकून चिमटीत घ्यायचा.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा निशिकांतनंही त्याला समजावलं होतं. निशिकांत त्याचा मित्र, बँकेतला, बायको अरुणा, दोघं बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत राहायची. सिंगापुरात गाडी घ्यायच्या आधी गाडी ठेवायचा परवाना विकत घ्यावा लागतो, तोही दहा वर्षांपुरता, आणि मोठ्या गाडीचं सगळंच मोठं, हे निशिकांतनं त्याला कागदावर आकडे मांडून दाखवलं. चंद्रशेखरनं मान डोलवली, चहा प्याला, आणि जाऊन मोठीच गाडी सांगून आला. वर तिच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. नारळाचं पाणी शेजारच्या लाल मोटारीवर उडालं ते श्रियानं आपल्या रुमालानं पुसलं.

एवढंही साधनानं चालवून घेतलं असतं. पण गाडीच्या पुढच्या सीटवरचा प्लास्टिकचा कागद हा माणूस काढू देईना. ड्रायव्हरच्या शेजारची ती जागा. तिथं कुणी बसायचं नाही, बायकोनं नाही, लेकीनं नाही. त्या जागेवर पहिल्यांदा आक्का बसणार, मग कागद निघणार. आक्का म्हणजे त्याची आई.

आता यामागचं कारण सांगितलं पाहिजे. चंद्रशेखरच्या वडलांची जीप होती. फाट्यावरनं माणसं भरायची आणि गावोगाव पोचवायची, आमच्याकडं त्याला वडाप म्हणतात. त्या जीपमधी पुढं बसायचा मान मास्तराचा, सरपंचाचा, नाहीतर नव्या जावयाचा. मधल्या बाकावर बायका, पोरं, कोंबड्या. आणि जीपच्या मालकाची बायको कुठं, तर पार मागं, उघड्या फळीवर, पाय बाहेर सोडून. धुरळा तिच्या तोंडात, पाऊस तिच्या पाठीवर. लहानगा चंद्रू मधल्या बाकावरनं मान वळवून ते बघायचा आणि त्याचा जीव तुटायचा. बाप एवढा गाडीमालक, पण आईला बसायला धड जागा नाही. तेव्हाच त्यानं मनाशी गाठ मारली होती, की आपली गाडी होईल त्या दिवशी आक्का पुढं बसेल. बाप गेला, जीप भंगारात गेली, पण ती गाठ काही सुटली नाही.

साधनाला हे ठाऊक होतं, म्हणून ती त्या कागदावर हसली नाही. एकदा मात्र भाकरी थापता थापता तिनं विचारलं होतं, "पुढं बसायचंय का, हे आक्कांना विचारलंस का कधी?" त्यात काय विचारायचं, असं म्हणून चंद्रशेखर उठून गेला.

झालं असं, की सहा महिने साधना मागं आणि नवरा एकटा पुढं, अशी वरात पुंगोलभर फिरायला लागली. बुकित तिमाहला निशिकांतच्या काँडोच्या गेटावर वॉचमननं साधनाला सलाम ठोकला आणि चंद्रशेखरला सांगितलं, मॅडमना सोडून ड्रायव्हर लोकांनी तिकडं पाठीमागं थांबायचं. साधनानं त्या वॉचमनचे आभार मानले आणि पर्स सावरत निघून गेली. हा बाबा खरोखरच पाठीमागं थांबून राहिला. पुढं महिनाभर घरात त्याला कुणी काही सांगायचं असलं की श्रिया म्हणायची, "Driver, can or not?"

त्यात दुसरी एक खोड होती, ती रक्तातली. रिकाम्या जागा घेऊन गाडी हाकायची म्हणजे वडापवाल्याच्या पोराला गुन्हा केल्यासारखं वाटायचं. वाटेत माणूस उभं आहे, आपल्याकडं जागा आहे, आणि आपण तोंड फिरवून पुढं जायचं, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलंच नव्हतं. एकदा असाच चारचा पाऊस कोसळत होता. बस स्टॉपच्या थोडं पुढं गाडी उभी करून ह्यानं काच खाली केली आणि उभ्या असलेल्या चारपाच जणांना मोठ्यानं विचारलं, जुरोंग ईस्टला कोण येणार का? जागा आहेत. सगळी माणसं छत्र्यांच्या आड झाली. एका बाईनं मोबाइल काढून गाडीचा नंबर टिपला.

दोन दिवसांनी एक अधिकारी दारात. बिनपरवान्याची टॅक्सी चालवता का, असं त्यानं फार अदबीनं विचारलं. पैसे घेणार नव्हतो, असं चंद्रशेखर म्हणाला. मग कशासाठी बोलवत होता, असं अधिकाऱ्यानं विचारलं, आणि त्याचं उत्तर काही इंग्रजीत देता येईना. साधनानं पुढं होऊन सांगितलं, की ह्यांच्या गावाकडं अशी पद्धत आहे, हे मनानं चांगले आहेत, पुन्हा करणार नाहीत. अधिकारी चहा घेऊन गेला. त्या रात्री साधनानं नवऱ्याला श्रियाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की अनोळखी माणसाला गाडीत घ्यायचं नाही. त्यानं घेतली, पण बस स्टॉप आला की अजून तो मान खाली घालायचा.

आणि मग एकदाची आक्का आली. नऊवारी, हातात चटणीची बरणी, डोळ्यांत झोप. विमानतळावर चंद्रशेखरनं देवाचा पडदा काढावा तसा तो प्लास्टिकचा कागद काढला. आक्का पुढं बसली. पट्टा बांधून घेतला. वाटभर तो तिला पूल दाखवत होता, झाडं दाखवत होता, आणि आक्का "व्हय, व्हय" म्हणत होती. मधनंच मान वळवून मागं बघत होती. तिला प्रवासाचा शीण आला असंल, असं त्याला वाटलं. घरी पोचल्यावर त्यानं साधनाकडं असं बघितलं, की आता बोल. साधना आक्काची चटणीची बरणी घेऊन आत गेली.

आक्का चार दिवसांत पुंगोलला रुळली. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं होती, तिथं ती भाजी निवडायला जाऊन बसायची. तिथंच तिला तिसऱ्या मजल्यावरची लिम आजी भेटली. लिम आजीला मराठी येत नव्हती, आक्काला चिनी येत नव्हती, आणि दोघींचं अखंड बोलणं चालायचं. लिम आजीचा गुडघा धरला होता. आक्कानं तो आपल्या हातानं चोळून दिला, तिनं आक्काला वासाच्या मलमाची डबी दिली. श्रियाला मधी बोलवावंसुद्धा लागलं नाही.

पहिल्या रविवारी निशिकांत-अरुणाकडं बुकित तिमाहला जेवायचं बोलावणं होतं. हाच तो दिवस, ज्याची चंद्रशेखर वाट बघत होता. त्याच गेटातनं, त्याच वॉचमनसमोरनं, आक्काला पुढं बसवून गाडी न्यायची. त्यानं सकाळीच गाडी धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला. साधना, श्रिया मधी बसल्या, आक्का पुढं. पार्किंगचा आडवा दांडा वर झाला आणि गाडी रस्त्याला लागणार, तोच आक्का म्हणाली, "थांब रं."

कडेनं लिम आजी चालली होती. हातात चाकांची पिशवी, एक पाय ओढत, बस स्टॉपकडं. श्रियानं काच खाली करून विचारलं. लेकीकडं चाललेय, बुकित तिमाहलाच, असं आजीनं सांगितलं.

"घे तिला," आक्का म्हणाली.

चंद्रशेखरनं त्या अधिकाऱ्याचं सांगितलं, शपथेचं सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं. "शपथ अनोळखीची घेतलीस न्हवं? हिचा गुडघा माज्या वळखीचा हाय." आणि तिनं पट्टा सोडला, दार उघडलं, खाली उतरली. लिम आजीला मागं चढता येईना, पाय वर घेववत नव्हता, म्हणून आक्कानं तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला, तिची पिशवी उचलली आणि स्वतः पार मागच्या बाकावर पिशवीशेजारी जाऊन बसली.

चंद्रशेखर स्टिअरिंगला धरून तसाच बसला. शेजारी सहा महिने राखलेल्या जागेवर लिम आजी हसत होती. मागं एक मोटार हॉर्न वाजवत होती. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आक्का," तो म्हणाला, "ती जागा म्या तुज्यासाटी घेतली. एवढी गाडी त्या एका जागेसाटी घेतली. जल्मभर तुला मागं फळीवर बसाय लागलं, ते मला बगवत न्हवतं."

आक्काला आधी कळेचना हा काय बोलतोय ते. मग ती हसायला लागली, पदरानं तोंड पुसून परत हसली.

"बसाय लागलं? येड्या, ती फळी माजी व्हती. तिथं म्या सरपंचाला सुदीक बसू दिलं न्हाई. तुजा बा नुसता म्होरं बगून हाकायचा. कोन चढलं, कोन उतरलं, कुनाचं प्वार झोपलं, कुनाची म्हातारी खालीच ऱ्हायली, ते मागनंच दिसतंय. म्होरं बसून दिसतंय व्हय रं कुनाला? विमानतळावरनं येताना तू मला म्होरं बसवलंस. पाटीमागं काय चाललंय काय दिसना. नुसता जीव कावला माजा."

चंद्रशेखर आरशात बघत राहिला. आरशात पार मागं आक्काचं तोंड दिसत होतं, अगदी त्या फळीवर दिसायचं तसं. आणि त्याला आठवलं, की बाप फाट्यावर गाडी चालू करून कायम थांबायचा. कशाला थांबायचा, हे मधल्या बाकावरच्या चंद्रूनं कधी विचारलंच नव्हतं. मागनं आक्काची पत्र्यावर थाप पडायची, मगच जीप हलायची. एवढी वर्षं ज्या बाईची कीव करत आलो, ती सगळ्या वडापाची मालकीण होती. त्याला स्वतःचंच हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

साधना पुढं वाकली. "मी..." एवढं तिनं म्हटलं.

तेवढ्यात मागनं गाडीच्या टपाला आतनं दोन थापा पडल्या, धाप, धाप. लिम आजी दचकली. श्रिया म्हणाली, "Go lah, Baba." पण त्याच्या आधीच चंद्रशेखरचा पाय ब्रेकवरनं आपसूक उठला होता आणि गाडी लाल मातीच्या कडेनं बुकित तिमाहच्या रस्त्याला लागली होती.