महाराजांच्या डोक्यावरचा खवला

जपानातल्या ताकाओकाच्या गेन्सुकेने देवळाच्या पेटीवर काळ्या रोगणात शिंपल्याचा मासा जडवत आणला होता. फक्त नऊ खवले चिकटवायचे उरले होते. एकेक कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. गेन्सुके काम करताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

तेवढ्यात काम बघायला देवळाचे र्‍योएन महाराज आले आणि टक्कल पार पेटीवर आणून वाकले. त्यांच्या झग्याला धुपाचा असा काही दर्प होता, की गेन्सुकेला फाडकन शिंक आली. खवले उडाले आणि हातातल्या कुंचल्याने महाराजांच्या टकलावर रोगणाच्या कच्च्या चिकाचा फराटा ओढला.

त्याने आणि बायको ओनामीने रांगत आठ खवले गोळा केले. एक चहात सापडला, एक मांजरावर. नववा महाराजांच्या डोक्यावर निळाहिरवा चमकत होता.

"महाराज, डोक्यावर माशी बसलीय," ओनामी फडकं घेऊन पुढे झाली.

"बसू दे. जिवाला हाकलू नये," म्हणत महाराज निघालेसुद्धा!

"अहो, बघत काय बसलात? पळा की!"

गेन्सुके मागे धावला, पण खरं सांगायची त्याची छाती होईना. उन्हात ते डोकं लखलखलं, तशी टोफूवाली म्हातारी रस्त्यातच गुडघे टेकून बसली. "तेज फाकलंय हो!" मग काय, अख्खी गल्ली वाकली. महाराजांची चाल ऐटदार झाली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. चीक बिब्ब्यासारखा उतला होता. डोकं वाफवलेल्या पावासारखं टम्म फुगलेलं.

"काय केलंस रे, गाढवा?"

गेन्सुकेने लोटांगण घालून सगळं सांगितलं. मग चिमटा घेऊन डोकं निरखलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय बसलाय खवला, महाराज! एवढं सफाईदार काम जन्मात झालं नव्हतं."

"मेल्या, काढ तो!"

"कातडं सोलून येईल. आपोआप पडेपर्यंत थांबा."

महाराज खाजवत, चरफडत गेले. देवळात मात्र दर्शनाला रीघ लागली.

बाराव्या दिवशी कातडीचा पापुद्रा निघाला आणि त्याबरोबर खवलाही. महाराजांनी तो कागदात गुंडाळून आणून दिला. गेन्सुकेने नवा कापून मासा केव्हाच पुरा केला होता. महाराजांनी पेटी उचलली, पण दारातच घुटमळले. आज देवळात चिटपाखरू नव्हतं.

"गेन्सुके," ते हळूच म्हणाले, "न उतणारं काही मिळतं का रे चिकटवायला?"

"भाताची खळ आहे," आतून ओनामी म्हणाली. "पण डोकं आधी धुवून या."