कापूर पोळत नव्हता

मल्हारगंजच्या त्या गल्लीत दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. तिथले एक बाबा माणसाला पाटावर बसवतात, पायाच्या तळव्यावर कापराची वडी पेटवतात आणि विचारतात, "जल रहा है?" माणूस हसून म्हणतो, "बिलकुल नहीं." की झाला जयजयकार.

माझे यजमान लक्ष्मीकांत बँकेतून रिटायर झालेले, कुणाच्या बापाचं न ऐकणारे. दारात चेल्याने विचारलं, "शुगर कितने साल से?" आम्हाला वाटलं, काळजीने विचारतोय. पाटावर मात्र हे लहान मुलासारखे हसले. "सरला, खरंच काही कळलं नाही गं. कृपा आहे."

थोड्याच दिवसांत मोज्याला पिवळा डाग दिसला, मग वास सुटला. तळव्याला खड्डा, कडा काळ्या. दुखत नव्हतं, म्हणून हे खूश. बाबा म्हणाले, "पाप गल रहा है, माताजी. डॉक्टर को दिखाया तो अंदर बैठ जाएगा." वा रे वा, पाप गळायला आमचाच मोजा सापडला. ताप चढला तेव्हा मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, यांना रिक्षात घालून पलासियाच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

डॉक्टर अमिता मॅडमनी यांना डोळे मिटायला लावले आणि तळव्यावर ठिकठिकाणी नायलॉनचा धागा टेकवला. "काका, कळलं की सांगा."

हे वाट बघत राहिले. मग म्हणाले, "सुरू कधी करणार?"

धागा तेव्हा अंगठ्याला टेकलेलाच होता.

"शुगरने नसा सुन्न झाल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "कापूर पोळला, यांना कळला नाही. त्या जखमेतून बॅक्टेरिया हाडापर्यंत गेलेत. आज ऑपरेशन नाही केलं, तर ते रक्तात पसरतील."

अर्धं पाऊल कापावं लागलं. माणूस वाचला.

पुढच्या गुरुवारी मी पाटावर जाऊन बसले आणि माझाच पाय पुढे केला. चेला म्हणाला, "शुगर कितने साल से?"

"मला शुगर नाही."

"तो आपका योग नहीं है, माताजी."

"का रे भिया? देव शुगर बघून कृपा करतो का?"

मी सगळं मोठ्याने सांगितलं. काही लोक उठले. पण मागून एक बाई नवऱ्याचा मोजा काढत म्हणाली, "यांना पंधरा वर्षांपासून आहे, यांना घ्या."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, डोळे मिटायला सांगितले आणि अंगठ्याला बोट टेकवलं. बाई बघत होती.

"कळलं का, दादा?"

"लावा की," ते म्हणाले.

बाईने मोजा परत चढवला. मी दोघांना घेऊन पलासियाला निघाले. तुमच्या घरात शुगर असेल, तर रोज त्यांचे तळवे बघा. दुखत नसेल तर आधी बघा.