दादाजींच्या रायफलीचा भाव

दादाजींची रायफल अख्ख्या गावाने पाहिली होती, पण हातात कोणी घेतली नव्हती. घरी पाहुणे आले की दादाजी ती कपाटातून काढायचे, तेलाचं फडकं फिरवायचे आणि सांगायचे, "मिलिटरीची हाये. बापानं लिलावात घेतली होती. असली रायफल आता भेटत नाई." एवढं झालं की ती परत कपाटात.

शेजारच्या वावराचा लटारू हे ऐकून जळायचा. त्याच्याकडेही लायसन होतं, रानडुकरं हाकलायला साधी एकनळी होती. पण गाव त्याच्या हत्याराला 'बंदूक' म्हणायचं आणि दादाजींच्या हत्याराला 'रायफल'. हा फरक त्याला भातातल्या खड्यासारखा लागायचा.

यंदा दादाजींचे गुडघे गेले. लायसनच्या कामासाठी गडचिरोलीच्या चकरा त्यांना झेपेनात. त्यांची बायको कमळाबाई म्हणाली, "इकून टाका आता." घेणारा लायसनवाला हवा, आणि जवळपास तसा एकटा लटारूच. दादाजींनी चाळीस हजार सांगितले. लटारूने पाच. दोघं आरमोरीच्या बाजारात, देवळात, पानटपरीवर, जिथे भेटतील तिथे भांडले. शेवटी ठरलं, ब्रह्मपुरीचा सुरेंद्र सांगेल तो भाव. सुरेंद्रची सगळी नोकरी पोलीस खात्यात हत्यारं दुरुस्त करण्यात गेली होती. आता तो निवृत्त होऊन घरी बसला होता. येत्या रविवारी येतो, म्हणाला.

रविवारच्या आधी लटारू त्याच्या घरी पोचला. पिशवीत तलावातली ताजी मरळ.

"सुरेंद्रभाऊ, शेवटी लोखंडच तं हाये. जुन्या लोखंडाले असा काय भाव येते?"

सुरेंद्र हसला आणि मरळ आत दिली.

दुसऱ्या दिवशी दोन बायका एकाच काळीपिवळीतून ब्रह्मपुरीला उतरल्या. लटारूच्या रुखमाबाईने दाताचा डॉक्टर सांगितला, कमळाबाईने चष्म्याचा. एकमेकींचा निरोप घेऊन दोघी दोन गल्ल्यांतून एकाच घरी निघाल्या.

रुखमाबाई आधी पोचली. तिने सांडग्यांची पुडी पुढे केली. "भाऊ, असा भाव सांगा का आमचे हे ऐकूनच खाली बसले पायजे. एक बंदूक घरात हाये तेच लय झालं. दुसरी आली का दुसरं लोखंडी कपाट येते, अन् कपाटाले जागा पायजे म्हून माह्यी शिलाई मशीन बाहेर."

ती मागच्या दाराने गेली आणि पुढच्या दाराने कमळाबाई आली. तिच्याकडे लाखोळीची डाळ होती. "जितका कमी सांगता येईल तितका सांगा, भाऊ. कसंबी करून जाऊ द्या घरातून. पाहुणा आला का मी चुलीपाशी चहा करून राह्यते अन् हे नळी पुसून राह्यले. चाळीस साल झाले, एकच पुराण."

सर्वांत शेवटी दादाजी आले. रिकाम्या हाताने. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, उठले, परत बसले.

"सुरेंद्र, भाव तुले वाटते तो सांग. फक्त नळीत डोकावू नको."

"काऊन जी?"

"जाळे हायेत कोळ्याचे. डोळ्यात जाते."

"इतकी पुसता तरी जाळे?"

दादाजी पुन्हा उठले. काठी टेकत बस स्टँडकडे गेले.

रविवारी दादाजींच्या ओसरीवर ही पाचच माणसं जमली. सुरेंद्रने चष्मा लावला. आधी दस्त्याचं लाकूड बोटांनी ठोकून पाहिलं. बोल्ट काढला, त्यावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर ताडून पाहिला. मान हलवली. मग त्याने नळी दाराच्या उजेडाकडे धरली. दादाजींना मोठा खोकला आला. सुरेंद्र खोकला थांबेपर्यंत थांबला आणि नळीत डोकावला.

"दादाजीभाऊ, रायफलीच्या नळीत पेचासारखे आटे असतात. गोळी त्यातून गरगरत जाते. ही नळी तर स्टीलच्या ग्लासासारखी गुळगुळीत आहे."

"म्हंजे?" लटारूने विचारलं.

"म्हणजे अंग मिलिटरीच्या रायफलीचं, अगदी खरं. पण पुढे कधीतरी नळी बदलून हिची छर्ऱ्याची मस्केट, म्हणजे बंदूकच, केली. पोलिसांसाठी करायचे तशी. नंबर जुळतात, लाकूड शाबूत आहे, गंज नाही. पंधरा हजार. याच्यावर एक रुपया नाही आणि खालीही नाही."

लटारू इतका हसला की त्याची टोपी पडली. "बंदूक! दादाजी, ही तं माह्या बंदुकीची बहीण निघाली!"

कमळाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमाले ठाऊक होतं?"

"छर्ऱ्याचे काडतुसं मीच तं आणतो," दादाजी जमिनीकडे पाहत म्हणाले. मग एकदम त्यांनी ती फडक्यात गुंडाळली. "इकाचीच नाई मले."

"मले तरी कुठी पायजे? बंदूक हाये माह्या घरी," लटारू म्हणाला. रुखमाबाईचा चेहरा फुलला.

कमळाबाईने ओळखलं की हत्यार परत कपाटात चाललं. तिने सगळ्यांपुढे चहा ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "नाई इकली तं राहू द्या. उद्या नळावर पाणी भरताना मी सांगीनच सगळ्या बायांले, रायफल कशी निघाली ते."

दादाजींनी गुंडाळलेलं फडकं परत सोडलं.

"अन् लटारूभाऊ, तुमी घेतली तं रायफल तुमच्या घरी. नळीतलं कोणाले ठाऊक? आपल्याच पाच जणांले."

लटारूचं हसू थांबलं. त्याने टोपी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली. "पंधरा म्हणता?"

"अन् कपाट?" रुखमाबाई कडाडली.

"एकनळी इकतो. तेच कपाट रायफलीले."

रुखमाबाईने मान डोलावली. मशीन वाचली होती. पण मग सुरेंद्रकडे पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, "मंग माह्ये सांडगे फुकटच गेले का?"

"कोणते सांडगे?" लटारूने विचारलं.

"सांडगे?" कमळाबाई म्हणाली. "तू तं दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी इकडे डाळ देऊन राह्यली अन्..." ती मध्येच थांबली.

दादाजींनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. लटारू छपराकडे बघत होता.

"सगळंच चांगलं होतं," सुरेंद्र चपला घालत म्हणाला. "मरळ तर फारच." आणि कोणी काही बोलायच्या आत तो रस्त्याला लागला.

परवानगीचे कागद येईपर्यंत धान निसवून लोंब्या आल्या होत्या. रायफल लटारूच्या घरी गेली. एका संध्याकाळी डुकरांचा कळप त्याच्या धानाच्या बांधीत घुसला. लटारूने आभाळाकडे नळी करून बार काढला. डुकरं बिथरली, दोन वावरांमधला धुरा ओलांडून थेट दादाजींच्या धानात शिरली.

"लटाऱ्या! माह्या वावरात काऊन हाकलते बे?" दादाजी काठी उगारून ओरडले.

"मी काय करू, दादाजी? रायफलीचा आवाजच असा असते!"

धुऱ्यावर गवत कापणाऱ्या बाया कमरा सरळ करून ऐकत उभ्या होत्या. दादाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. लटारूकडे पाहिलं. काठी खाली घेतली.

"हाव," ते म्हणाले. "रायफलीचा आवाज मोठाच राह्यते. ये आता इकडे, अन् माह्या बाजूनं मार एक."

लटारू धुरा ओलांडून आला, दादाजींच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने दुसरा बार काढला.