जाडा कपॅसिटर

"शेजारणी, ह्याचा फक्त दिवा लागला पाहिजे. बाकी डोकं लावत बसू नकोस," म्हणत बार्बा फ्रानेने वाऱ्याचा मापक नेवेन्काच्या टेबलावर आपटला. "रिएका शहरातला माणूस दुरुस्तीला आठवडा लावतो, आणि ह्याच्याशिवाय मला क्रेन सुरू करू देत नाहीत."

नेवेन्का सेन्य गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करते. फ्राने, सगळ्या गावाचा 'बार्बा' म्हणजे काका, बंदरावर हॉटेल बांधत होता. तिचा नवरा विच्को त्याच्याच क्रेनवर कामाला होता. मागल्या हिवाळ्यात बुरा, म्हणजे डोंगरावरून कोसळणारा इथला वारा, सुटला आणि क्रेन विच्कोसकट आडवी झाली. चौकशीत एकच प्रश्न निघाला, जोराच्या वाऱ्यात मापकाचा इशारा देणारा भोंगा वाजला होता का? नव्हता. म्हणजे वारा बेताचाच होता आणि विच्को प्यायलेला असणार. फ्रानेने तशी साक्ष दिली, आणि शवपेटीला पहिला खांदाही त्यानेच दिला.

तोच मापक नव्या क्रेनवर चढला होता आणि आता तिच्यापुढे होता. फ्राने निर्धास्त होता. रेडिओ खोलणाऱ्या विधवेला ह्यातलं काय कळणार?

आत फार काही नव्हतं. वरच्या वाट्या वाऱ्याने फिरतात, दर फेऱ्याला विजेचा एक ठोका येतो, ठोके कपॅसिटरमध्ये साठतात. साठा ठरल्या रेषेवर गेला की भोंगा वाजतो आणि क्रेन अडते. खाऱ्या हवेने एक तार खाल्ली होती, ते किरकोळ काम. पण कारखान्याच्या इवल्याशा कपॅसिटरला खेटून दुसरा, अंगठ्याएवढा जाडा, कुणीतरी ओबडधोबड डाग देऊन जोडला होता.

नेवेन्काचे हात थांबले. बुरा सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. ह्या जाड्याला भरायला वेळ लागतो. तो भरेपर्यंत धक्का क्रेनला लोळवून निघूनही जातो. काम थांबू नये म्हणून यंत्राला बहिरं केलं होतं.

तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्या संतापाने कितीतरी महिन्यांनी तिला हुशारी वाटली. तिने फोटो काढला, जाडा उपटला, भोंग्याची रेषा पार तळाला आणली आणि वरून राळ ओतून डबी बंद केली.

मग झुळूक आली की भोंगा. मजूर कॉफी पीत बसून राहू लागले. नेवेन्का खिडकी सताड उघडी टाकून काम करी. तो कर्कश आवाज तिला फार गोड लागे.

फ्राने तणतणत आला. "काय करून ठेवलंस गं? झाडाचं पान हलत नाही आणि हे बोंबलतंय!"

"दिवा लागतो ना, बार्बा? तेवढंच सांगितलं होतंत."

"नीट कर, नाहीतर रिएकाला नेतो!"

"न्या की. पण आत काय होतं, त्याचा फोटो माझ्याकडे आहे."

फ्रानेने मागचं दार लोटून घेतलं. "काय हवंय तुला?"

"रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की सगळं गाव कॅफेत असतं. तिथे उभं राहायचं आणि सांगायचं, विच्को प्यायलेला नव्हता, भोंगा मी मुका केला होता."

"तुरुंगात जाईन मी!"

"जा. आपणहून बोललात तर शिक्षा कमी होते म्हणतात. फोटो बोलला तर नाही होत."

रविवारी फ्राने कॅफेत उभा राहून पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," नेवेन्का म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं.

"आणखी एकदा."

"पुरे गं, शेजारणी," कुणीतरी म्हणालं.

"माझं पुरं झालं की मी सांगेन!"

तिसऱ्यांदा सांगताना फ्रानेचा आवाज फुटला. तेव्हा कुठे ती उठली.

काम पुढे फ्रानेच्या भावाने हाती घेतलं. नेवेन्काने मापक मागवून घेतला, राळ खरवडली आणि भोंग्याची रेषा कारखान्याने आखली होती तिथे बरोबर नेऊन ठेवली. त्याच आठवड्यात डोंगरावरून बुरा कोसळला. पहिल्याच धक्क्याला भोंगा वाजला. क्रेनवरचा नवा माणूस शिडीला घट्ट धरून एकेक पायरी उतरू लागला. नेवेन्का खिडकीत उभी राहून त्याचे पाय बघत राहिली.

पाय जमिनीला लागले. त्याने भोंग्याच्या नावाने एक कचकचीत शिवी हासडली आणि भिंतीच्या आडोशाला सिगारेट पेटवली. नेवेन्का तिथेच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.