मान हलेपर्यंत

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या त्या वाद्यवृंदाचा संचालक तसा कुणाच्या बापाला भिणारा नव्हता. पण त्या दिवशी पडद्यामागे तो येरझाऱ्या घालत होता, आणि त्या घालायला लावणारा पाहुणा सॅक्सोफोनवाला बाजूलाच निवांत केळं खात होता.

"पण किती वेळ वाजवणार तुम्ही?" त्याने पुन्हा विचारलं.

"ते आधी कसं कळणार, साहेब?" सॅक्सोफोनवाला म्हणाला. "जॅझ आहे. मनात येईल तोवर वाजवीन. संपत आलं की मान हलवीन, मग तुमच्या मंडळींना सुरू करा. तोवर हात खाली ठेवा बुवा. समोर हात हलले की माझं डोकं फिरतं."

हात खाली! कागदावरच्या एकेका मात्रेचा हिशेब ठेवून साठ माणसांना छडीच्या टोकावर नाचवणाऱ्याने मख्खासारखं उभं राहायचं! त्यात निवड समिती पहिल्याच रांगेत. संचालकपदावर त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आजच ठरणार होतं. मंडळी जरा मागेपुढे झाली असती तरी त्याचा बाजार उठला असता.

कार्यक्रमात ती जागा आली. वाद्यवृंद थांबला आणि सॅक्सोफोन एकटाच सुटला. संचालक त्याच्या मानेवर नजर लावून उभा राहिला. मान काही हलेना. गडी डोळे मिटून असा रंगला होता की ठरलेलं सगळं साफ विसरला असावा. एकदा सूर खाली उतरला, म्हणून संचालकाने हात उचलायला घेतला, तर सूर पुन्हा वर पळाला. संपलं आपलं, असं त्याला वाटलं.

आणि सगळा वाद्यवृंद एकदम वाजायला लागला, अगदी बिनचूक. छडी अजून त्याच्या मांडीजवळच होती. त्याने ती घाईघाईने वर केली आणि त्यांच्या मागोमाग हलवत राहिला.

टाळ्या थांबेनात. समितीचे अध्यक्ष मंचावर येऊन गळ्यातच पडले. "काय वेळ साधलीत हो! पद तुमचंच."

त्याची बायको त्याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. घरी जाताना गाडीत त्याने धीर करून तिला विचारलं, "कधी सुरू करायचं, ते तुम्हाला कळलं कसं गं?"

"ऐकत होतो ना आम्ही," ती म्हणाली. "एरवी तुझ्याकडे बघण्यातच सगळा वेळ जातो."

"बाकीचे काही म्हणाले?"

"मजा आली म्हणाले."

त्याने शेजारी ठेवलेल्या छडीकडे एकदा बघितलं. उद्या सकाळी तालीम होती. परवाही होती. पद कायमचं होतं.