तळ्याचा थर

शहाडच्या पलीकडे मयूरशेठची खडीची खाण होती आणि उत्तम तिथे सव्वीस वर्षं सुरुंग लावत होता. माणदेशातून आला तेव्हा मयूरचे वडील पंढरीशेठ मालक होते. ते गेले, खाण पोराच्या हातात आली. अक्कल मात्र वडिलांबरोबरच गेली, असं उत्तमचं मत. नोकरी टिकवायची तर असली मतं पोटातच ठेवावी लागतात.

भांडण पेटलं ते एका पिवळट थरावरून. वर काळा दगड, खाली काळा दगड, मध्ये कमरेएवढा भुसभुशीत पट्टा. खडीला अगदी कुचकामी. पण मयूरची बहीण कल्पिता भूशास्त्र शिकत होती आणि तिला त्यात दगड झालेले बोटभर बेडूक सापडले. हाडन्‌हाड शाबूत.

"काका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तळं होतं," तिने उत्तमला समजावलं होतं. "लाव्हा थंड झाला, त्यावर पाणी साचलं, बेडूक नांदले. मग पुन्हा वरून लाव्हा आला."

कोटी काही उत्तमला झेपले नाहीत, पण त्या चिमुकल्या बोटांची हाडं बघून त्याचा जीव हळहळला. थर सोडवून घ्यायला पोरीने आठच दिवस मागितले. भावाने दिले नाहीत, तेव्हा तिने सरकारी कार्यालयात अर्ज टाकला. उद्या पाहणीला माणसं येणार होती.

आज सकाळी मयूरने तिला सगळ्यांदेखत केसांना धरून थराजवळून फरफटत आणलं. तिच्या पिशवीतले बेडूक त्याने बुटाखाली चिरडले. मग उत्तमकडे वळला.

"त्या पट्ट्यात पण दारू भर. ठासून. उद्या त्यांना नुसती भुकटी दिसली पायजे."

आता ही गोष्ट खाणीतलं शेंबडं पोरही सांगेल. सुरुंगाचं भोक मऊ थरातून जात असेल तर तेवढ्या भागात दारू नाही, माती ठासायची. नाहीतर स्फोट दगड फोडत बसत नाही. मिळालेल्या वाटेने सुटतो आणि धोंडे आडवे भिरकावतो.

"शेठ, मऊ थरात दारू नगं," उत्तम म्हणाला. "दगड समोर..."

फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. दोन दात जिभेवर आले.

"मना शिकवू नको," मयूर म्हणाला. एरवी काका म्हणणारा माणूस. वीस मजूर बघत होते, एकही हलला नाही.

उत्तमने रक्त थुंकलं आणि भोकं भरली. पट्ट्यातही, ठासून. मयूर नेहमीसारखा समोरच्या डंपरच्या आडोशाला उभा राहणार आणि धोंडे तिकडेच येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मजुरांना त्याने मागच्या नाल्यात पिटाळलं. मयूरला काही सांगितलं नाही. खाऊ दे एक धोंडा, असं मनाशी म्हणाला आणि त्याला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलंच बरं वाटलं.

तिसरी शिट्टी झाली. सुरुंग उडवायच्या बटणाची पेटी आज मयूरने स्वतःकडे घेतली होती. नाल्याकडे जाता जाता उत्तमने मागे पाहिलं, तर डंपरच्या केबिनमध्ये कल्पिता. थराकडे परत पळू नये म्हणून भावाने तिला आत कोंडलं होतं. ती दोन्ही हात काचेवर आपटत होती.

उत्तम माघारी धावत सुटला. "शेठ, थांबा. पोरीला काढा. दगड तिकडंच येत्यात."

मयूर हसला. "आता आठवला काय? उद्यावर ढकलायची नाटकं." त्याने बटण दाबलं.

डोंगर वर उठलाच नाही. पिवळ्या पट्ट्यातून आडवा फुटला. बादलीएवढा काळा धोंडा केबिनची काच फोडून आत घुसला. दुसऱ्याने मयूरचा डावा हात कोपराखाली ठेचला. हवेच्या दणक्याने उत्तम आडवा पडला, म्हणून वाचला.

धूळ बसली तेव्हा मयूर एका हाताने केबिनचं दार ओढत होता. ते उत्तमने उघडलं. कल्पिताला खाली घेतलं. तिची छाती आत गेली होती. दोन श्वास घेतले, तिसरा आलाच नाही.

मयूर गुडघ्यांवर बसला. "तुला ठाव होता, दगड हिकडं येतील?"

"व्हतं."

"मंग मंगाशी का नाय बोललास?"

दांड्याने तोंड बंद केलं, असं सांगता आलं असतं. सगळ्यांनी ते मानलंही असतं. उत्तमने पोरीचे डोळे मिटवले.

"त्यो धोंडा तुमच्यासाठी ठेवला व्हता, शेठ," तो म्हणाला.