पहिल्या खांद्याचा मान

देवीला भांडण नको असतं, मानकऱ्यांना हवं असतं. अठ्ठ्याण्णवच्या शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा यावरून गावाच्या दोन वाड्या एकमेकींवर तुटून पडल्या आणि पोलिसांनी देवळालाच कुलूप लावलं. पालखी आत, गाव बाहेर. शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी दरवर्षी तोंड पाडून परत जायचे. पण माघार घेईल तो मानकरी कसला!

सगुणाला त्या मानाशी देणंघेणं नव्हतं. तिचं सासर वरच्या वाडीत, माहेर खालच्या. मध्ये फक्त भाताचा मळा. त्या मारामारीत तिच्या धाकट्या भावाच्या, सदूच्या खांद्यावर दगड बसला होता आणि तो मारला होता तिच्याच नवऱ्याने. हरिहर गुरुजींनी! वर्गात मुलांना शिकवणार, आदिमानवाच्या हातात दगड होता, आपल्या हातात लेखणी आहे, माणूस सुधारला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नंतर गुरुजी पुष्कळ वरमले. "कसा उचलला, माझं मलाच कळलं नाही," म्हणायचे. सगुणाला ते कधी पटलं नाही. कळलं नाही म्हणजे काय? स्वतःचा हात काय परका असतो?

तेव्हापासून सदूने तिच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. एसटीच्या थांब्यावर दिसला तर मान वळवायचा. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची आणि मळ्यापलीकडच्या दिव्यांत माहेरचा दिवा शोधत बसायची. आईबाप गेलेले. तिला "ताये" म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते हाकेच्या अंतरावर राहून गप्प होतं. तिला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. ती हाक तेवढी हवी होती.

यंदा एकदाचा समेट झाला. कुलूप निघालं. खांदा दोन्ही वाड्यांनी मिळून द्यायचा, पालखी घरोघर न्यायची. सदू भोयांत आहे असं कळलं आणि सगुणाची तहानभूक हरपली. तिने दारापुढचं खळं सारवलं, घावणे काढले, नारळाचा गोड रस केला. सदूचा लहानपणापासून त्यावर जीव. गुरुजी धुतलेला सदरा घालून पडवीत येरझारा घालत होते.

"मी हात जोडून माफी मागेन त्याची," ते म्हणाले.

"आदी पाट तरी मांडा," ती म्हणाली, पण मनातून सुखावली.

ढोल जवळ आले. पालखी खळ्यात शिरली आणि पुढच्या दांड्याखाली सदू दिसला. केस पिकलेले, खांदा जरासा उतरलेला. सगुणाला रडूच फुटलं. देवीची ओटी भरायला ताम्हनात तांदूळ आणि नारळ घेऊन ती पुढे झाली. सदूने तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी मान वळवली नाही. गुरुजीही पडवीतून खाली उतरले.

तेवढ्यात वरच्या वाडीचा केरू मध्ये घुसला. "आमच्या वाडीत पुढचा खांदा आमचा. तू हो मागं."

"असा कुठं ठरलाय?" सदू म्हणाला.

"काय ठरलाय ता आमी बघू!" असं म्हणत केरूने त्याच्या त्या दुखऱ्या खांद्यालाच धक्का दिला. पालखी कलली, बायका किंचाळल्या.

पुढचं सगुणाला काही कळलं नाही. भानावर आली तेव्हा तांदूळ खळ्यात सांडले होते, केरू डोक्यावर दोन्ही हात धरून खाली वाकला होता, आणि तिचा हात देवीच्या नारळासकट त्याच्या टाळक्यावर उगारलेला होता. ढोल थांबले. गुरुजी तिच्याकडे असे बघत होते, जणू घरात आज त्यांना समजून घेणारं कुणीतरी भेटलं.

सदूने दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. पुढे येऊन त्याने तिचं मनगट धरलं.

"ताये," तो म्हणाला, "ठेव गो. ठेव तो नारळ."

या हाकेसाठी ती इतकी वर्षं झुरली होती. तिने ओ दिली, पण मूठ काही सैल होईना. शेवटी सदूनेच तिचं एकेक बोट सोडवून नारळ काढून घेतला.